गाठ साधी, तरी श्वास का अडतो?

या अंकासाठी थायरॉइडच्या गाठींविषयी आलेल्या पत्रांतून चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात मांडलेला पेच मी अनेक घरांत पाहिला आहे आणि त्यापायी वाया गेलेली वर्षेही पाहिली आहेत.

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची असून तिच्या गळ्यावर सुमारे २५ वर्षांपासून गाठ आहे. ती दुखत नसल्याने आम्ही कधी फारसे लक्ष दिले नाही. गेल्या दोन वर्षांपासून आईला जिना चढताना दम लागतो. अलीकडे आडवे झाले की गुदमरल्यासारखे होते, म्हणून ती तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपते. दमा समजून तिला पंप दिला होता, पण त्याने कधीच आराम पडला नाही. टीएसएच नॉर्मल आहे आणि सुईच्या तपासणीत कर्करोग नाही असे आले आहे. नुकत्याच केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मात्र गाठ छातीत उतरली असून श्वासनलिका उजवीकडे सरकली आहे व एके ठिकाणी तिची रुंदी ७ मिलिमीटर उरली आहे, असे लिहिले आहे. सर्जन शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. नातेवाईक म्हणतात, गाठ साधी आहे, मग या वयात गळ्याची चिरफाड कशाला? गोळ्यांनी गाठ विरघळणार नाही का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : टीएसएच नॉर्मल आणि सुईचा अहवाल साधा, हे ऐकून घरच्यांना हायसे वाटले असेल आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या दोन्ही तपासण्या आपल्या आईच्या श्वासाविषयी काहीच सांगत नाहीत. टीएसएचवरून ग्रंथीचे काम कमी होते आहे की जास्त, एवढे कळते. सुईच्या तपासणीवरून पेशींची जात कळते. गाठ केवढी आहे, ती कोणीकडे वाढली आहे आणि श्वासनलिकेवर तिचा किती दाब पडतो आहे, हे त्यांतून कळत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर सीटी स्कॅनमधील ७ मिलिमीटर या आकड्यात आहे, आणि माझ्या मते शस्त्रक्रियेचा सल्ला योग्य आहे. तो का योग्य आहे, हे नातेवाइकांनाही पटावे म्हणून जरा मुळापासून सांगतो.

थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी श्वासनलिकेला पुढून बिलगलेली असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. आहारातील आयोडीनची दीर्घकाळची कमतरता, घराण्यातील कल आणि वाढते वय यांमुळे तिच्यात हळूहळू एकापेक्षा अधिक गाठी तयार होतात आणि वर्षानुवर्षे वाढत जाऊन ती ग्रंथी शंभर ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. यालाच आपण गलगंड म्हणतो. वाढणाऱ्या ग्रंथीला पुढून मानेचे पट्ट्यांसारखे स्नायू अडवतात आणि मागे मणके असतात. खालची वाट मात्र मोकळी असते. गिळताना ग्रंथी सतत वरखाली होत असते, श्वास घेताना छातीच्या पोकळीत ओढ निर्माण होते आणि त्यात गाठीच्या स्वतःच्या वजनाची भर पडते. त्यामुळे काही जणांत ती छातीच्या मधल्या हाडामागे उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाठ वीस वर्षांत तेवढीच आहे, आणि प्रत्यक्षात ती दिसत नाही अशा जागी वाढत असते.

ही जागाच अडचणीची आहे. मानेतून छातीत शिरण्याच्या तोंडाशी मागे मणका, बाजूंना पहिल्या बरगड्या आणि पुढे छातीचे हाड असे हाडांचे कडे असते. त्या कड्यातून श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या जातात. मानेत गाठ वाढली तर कातडी ताणून बाहेर येते. हाडाच्या कड्याला ताणता येत नाही. मग जे मऊ आहे ते दबते. श्वासनलिकेला कूर्चेच्या अर्धवट कड्यांचा आधार असल्याने ती बरीच वर्षे तग धरते, आधी बाजूला सरकते आणि नंतर चपटी होत जाते. गाठीची जात साधी असो वा वाईट, हा दाब तसाच पडतो.

आता त्या ७ मिलिमीटरविषयी. प्रौढ स्त्रीच्या श्वासनलिकेची रुंदी साधारणपणे १५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे आपल्या आईला निम्म्याहून कमी वाट उरली आहे. संथ प्रवाहाच्या नियमानुसार नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो १६ पट होतो. असे असूनही माणूस चालत-बोलत राहतो, कारण निसर्गाने श्वासमार्गात भरपूर सवलत ठेवलेली आहे. साधारणपणे रुंदी ८ मिलिमीटरच्या खाली गेली की श्रमाने दम लागू लागतो, आणि ती ५ मिलिमीटरच्या जवळ आली की बसल्या जागीही श्वास घेताना आवाज येऊ लागतो. हे आकडे प्रत्येकाला काटेकोरपणे लागू होतात असे नाही, पण आपली आई या उतारावर कोठे उभी आहे याची कल्पना त्यांवरून येते. या टप्प्यावर साध्या सर्दीने श्वासनलिकेचे अस्तर थोडेसे सुजले किंवा एखाद्या गाठीत अचानक रक्तस्राव होऊन ती फुगली, तरी काही तासांत जिवावर बेतू शकते.

दोन वर्षे पंप घेऊनही आराम का पडला नाही, हेही यावरून लक्षात येईल. दम्यात फुप्फुसातील बारीक नळ्या आकसतात आणि पंपातील औषध त्यांना सैल करते. बाहेरून दाबल्या गेलेल्या मुख्य नळीवर त्या औषधाचा काहीच उपयोग होत नाही. दम्याची घरघर मुख्यतः श्वास सोडताना आणि छातीत ऐकू येते. अशा गाठीचा आवाज श्वास आत घेताना, गळ्याशी, जरा तीक्ष्ण असा येतो. श्वासाच्या फुंकणीच्या यंत्रावर केलेल्या तपासणीत जो वक्र मिळतो, त्याचे शिखर दम्यात टोकदार राहते आणि येथे सपाट होते. याहून सोपी खूण १९४६ साली पेंबर्टन या इंग्रज डॉक्टरांनी सांगितली : रुग्णाला दोन्ही हात डोक्याच्या बाजूने सरळ वर धरायला सांगावे. छातीत उतरलेला गलगंड असेल तर मिनिटभरात चेहरा लालसर किंवा निळसर होतो, मानेच्या शिरा फुगतात आणि श्वास कोंडतो. ज्या बायकांना वेणी घालताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना गुदमरते, त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. ही तक्रार फार क्षुल्लक समजून अनेकजणी ती सांगतच नाहीत.

येथे मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतील एक चूक सांगितली पाहिजे. दमेकरी म्हणून आलेल्या एका वृद्ध बाईंना मी दोन भेटींत फक्त छाती तपासून औषधे लिहून दिली. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला होता आणि तो बाजूला करायला सांगण्याचे मला सुचले नाही. तिसऱ्या भेटीत त्या पाणी पिताना थांबून थांबून गिळताना दिसल्या, तेव्हा मी मानेला हात लावला. त्यांची शस्त्रक्रिया पुढे नीट झाली, पण त्या भेटींमधले दोन महिने त्यांनी रात्री बसून काढले होते आणि त्याला मी कारण होतो. तेव्हापासून दम लागतो म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाची मान मी मागून उभा राहून, पाणी गिळायला लावून तपासतो, आणि ग्रंथीची खालची कडा बोटांना लागते की नाही हे पाहतो. कडा लागली नाही तर गाठ छातीत गेली आहे असे समजून पुढचा तपास करतो.

गोळ्यांविषयी आपण विचारले आहे. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच संप्रेरकाची, गोळी देऊन गाठ आकसवण्याचा प्रयत्न पूर्वी केला जाई. इतक्या जुन्या, मोठ्या गाठींवर त्याचा परिणाम नगण्य असतो आणि आपल्या आईच्या वयात हृदयाची लय बिघडणे व हाडे ठिसूळ होणे हे धोके खरे असतात, म्हणून आता तो सल्ला दिला जात नाही. किरणोत्सारी आयोडीनने गलगंडाचा आकार वर्षभरात साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, आणि ज्यांना भूल देणे धोक्याचे आहे अशांसाठी तो मार्ग मोलाचा आहे. परंतु त्याला महिने लागतात आणि सुरुवातीला ग्रंथीला थोडी सूज येऊ शकते. ७ मिलिमीटरच्या वाटेत ती सूज परवडणारी नाही. सुईतून उष्णता देऊन गाठ जाळण्याची नवी पद्धत मानेतील एकदोन साध्या गाठींसाठी चांगली आहे, पण छातीच्या हाडामागची गाठ सोनोग्राफीत नीट दिसत नाही आणि जे दिसत नाही तेथे सुई नेणे धोक्याचे असते.

राहिली शस्त्रक्रिया. छातीत गाठ आहे म्हणजे छाती उघडावी लागणार, ही भीती बहुतेकांच्या मनात असते. छातीत उतरलेल्या गलगंडाला रक्तपुरवठा मात्र बहुधा मानेतूनच होत असतो, त्यामुळे बहुसंख्य रुग्णांत मानेच्या घडीतील आडव्या छेदातूनच तो वर काढता येतो. हाड कापण्याची वेळ थोड्यांवर येते आणि सीटी स्कॅन पाहून सर्जनला त्याचा अंदाज आधी येतो. एकेकाळी ही शस्त्रक्रिया खरोखरच जीवघेणी होती. स्वित्झर्लंडमधील बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी रक्तस्राव न होऊ देता, एकेक रक्तवाहिनी बांधत ग्रंथी काढण्याची पद्धत रुजवली, त्यांच्या हातचे मृत्यूचे प्रमाण दर शंभरात एकाच्याही खाली आले आणि १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज अनुभवी हातांत आवाजाच्या नसेला कायमची इजा होण्याचे प्रमाण शेकडा १ ते २ च्या आसपास असते, छातीतील गाठीत ते किंचित अधिक धरावे. कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी थायरॉइडला चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या तर हातपायांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि कॅल्शियम द्यावे लागते. हा त्रास बहुतेकदा तात्पुरता असतो. पहिल्या २४ तासांत जखमेत रक्त साठून पुन्हा श्वास कोंडण्याचा थोडा धोका असतो, म्हणून रात्रभर लक्ष ठेवणारा कर्मचारीवर्ग असलेल्या रुग्णालयातच ही शस्त्रक्रिया करावी. संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी लागेल; कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात.

वयाचा मुद्दा मी उलट बाजूने पाहतो. गाठ वाढते आहे आणि आईचे वयही. ६३ व्या वर्षी, ठरवलेल्या दिवशी, साखर व रक्तदाब आटोक्यात आणून, भूलतज्ज्ञांनी स्कॅन आधी पाहून केलेली शस्त्रक्रिया आणि ७० व्या वर्षी मध्यरात्री श्वास कोंडल्यावर धावपळीत केलेली शस्त्रक्रिया, यांत पहिली कितीतरी सुरक्षित असते. एक गोष्ट मात्र शस्त्रक्रियेआधी आवर्जून करून घ्या : आडवे झाल्यावर दम लागण्याचे दुसरे मोठे कारण हृदयाचे दुबळेपण हे असते, म्हणून ईसीजी आणि टूडी इको करून हृदय ठीक असल्याची खात्री करा. स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणीही आधीच व्हायला हवी.

तोपर्यंत घरी काही पथ्ये पाळा. झोपेची गोळी देऊ नका. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी स्कॅन करायची वेळ आली तर शिरेतून देण्याच्या रंगद्रव्यात आयोडीन असते आणि जुन्या गाठींना ते मिळाले की त्या बेसुमार संप्रेरक तयार करू शकतात, हे तेथील डॉक्टरांच्या कानावर घाला. दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कोठेही भूल द्यायची असेल तर श्वासनलिका अरुंद असल्याचे आधी सांगा. गाठ अचानक फुगली किंवा दुखू लागली, श्वास घेताना आवाज येऊ लागला, एक वाक्य पुरे करता येईना किंवा ओठ निळे पडले, तर आईला आडवे न करता बसवूनच, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

प्रश्न : मी ४१ वर्षांची शिक्षिका आहे. तपासणीत थायरॉइडमध्ये १.४ सेंटिमीटरची गाठ आढळली. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि दीर्घ श्वास पुरा होत नाही. गाठ काढून टाकावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपले पत्र पहिल्या पत्राशेजारी मुद्दाम ठेवले आहे. १.४ सेंटिमीटरची गाठ श्वासनलिकेवर दाब आणील ही शक्यता फार कमी आहे. अशा गाठी प्रौढ स्त्रियांमध्ये अतिशय सर्रास आढळतात आणि त्यांतील दहापैकी नऊ किंवा अधिक साध्या असतात. सोनोग्राफीच्या अहवालात गाठीची प्रतवारी लिहिलेली असते. तिच्यावरून सुईची तपासणी हवी की वर्षाने पुन्हा सोनोग्राफी पुरे, हे आपले डॉक्टर ठरवतील. त्रास गाठ कळल्यानंतर सुरू झाला, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि तेच महत्त्वाचे आहे. घास गिळताना अडचण येत नसेल, पण रिकामा आवंढा गिळताना काहीतरी अडकल्यासारखे वाटत असेल, तर त्याचे कारण बहुधा आम्लपित्त, घशाच्या स्नायूंचा ताण किंवा काळजी हे असते. त्रास आपल्याला खरोखरच होतो आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण ते गाठीवरचे नाहीत. हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण आपल्याकडे या वयाच्या स्त्रियांना दम लागण्याचे ते कमी असणे हे फार मोठे आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

प्रश्न : घरात दोघांना गलगंड आहे. आम्ही साधे मीठ बंद करून सैंधव सुरू केले आहे आणि कोबी-फ्लॉवर वर्ज्य केले आहे. याने गाठी बसतील का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : बसणार नाहीत, आणि सैंधवाचा निर्णय तर घातकच आहे, कारण वेगळे मिसळल्याशिवाय सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणी त्याहून अधिक. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन शाळकरी मुलांतील गलगंड कसा कमी होतो हे दाखवले, आणि त्या कामाच्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे आयोडीन गलगंड होऊ देत नाही, आणि मुलांमधील कोवळा गलगंड ओसरूही शकतो. प्रौढांतील जुन्या, टणक गाठी मात्र त्याने विरत नाहीत. म्हणून आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. स्वयंपाकात नेहमीचे आयोडीनयुक्त मीठच वापरा. कोबी शिजवून खायला हरकत नाही. आणि त्या दोघांना आडवे झाल्यावर किंवा हात वर केल्यावर काय होते, ते मात्र विचारा.

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून भजनी मंडळात गाते. माझा गलगंड मोठा आहे. तार सप्तकात गेले की श्वास पुरत नाही. शस्त्रक्रिया सुचवली आहे, पण आवाज जाईल या भीतीने मी तीन वर्षे टाळते आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली भीती निराधार नाही, म्हणून तिला नुसते ‘काही होत नाही’ असे उत्तर देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आवाजाशी संबंधित दोन नसा प्रत्येक बाजूला असतात. एक स्वरतंतू हलवते. ती दुखावली तर आवाज बसतो. दुसरी अगदी बारीक, ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते आणि स्वरतंतूंना ताण देते. तिला इजा झाली तर बोलणे ठीक राहते, पण वरचे स्वर लागत नाहीत आणि गाताना आवाज लवकर थकतो. गाणाऱ्यासाठी ही दुसरी नस पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि आपण गाता हे सर्जनला स्पष्ट शब्दांत सांगण्याचे कारण तेच.

या संदर्भात अमेलिता गाल्ली-कुर्ची या विख्यात इटालियन ऑपेरा गायिकेचे उदाहरण वैद्यकीय पुस्तकांत वारंवार दिले जाई. १९३५ साली शिकागोत त्यांचा मोठा गलगंड काढण्यात आला आणि त्या शस्त्रक्रियेत नस दुखावून त्यांचा आवाज गेला, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. पुढे अभ्यासकांनी त्या काळची परीक्षणे तपासून या समजाला आव्हान दिले : श्वासनलिका सरकवणाऱ्या त्या गलगंडामुळे त्यांचे गाणे शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून उतरणीला लागले होते. आपल्याबाबतीतही हाच प्रश्न आहे. श्वास आत्ताच अपुरा पडतो आहे. गाठ वाढत राहिली तर नसा ताणल्या जातील आणि ग्रंथी काढताना त्या वेगळ्या करणे अधिक अवघड होईल. तीन वर्षे थांबून आवाजाचे रक्षण झाले असे म्हणता येत नाही.

म्हणून आधी सीटी स्कॅन करून श्वासनलिकेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. मोठी गाठ एकाच बाजूला असेल तर अर्धीच ग्रंथी काढून भागेल का, हे विचारा. तसे झाल्यास दुसऱ्या बाजूच्या नसांना हातच लागत नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करणारे सर्जन निवडा आणि शस्त्रक्रियेत नसांवर लक्ष ठेवणारे यंत्र वापरले जाते का, याची चौकशी करा. ते यंत्र हमी देत नाही, मदत करते. नसा शाबूत राहिल्या तरी पहिले काही आठवडे आवाज जड राहू शकतो, त्या काळात वरच्या पट्टीत जोर लावू नका. आणि दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या पट्टीत एक पूर्ण अभंग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, म्हणजे पुढे आवाजाच्या उपचारतज्ज्ञांना नेमके कोणते स्वर परत आणायचे आहेत ते ऐकता येईल.